गेल्या वर्षीची खोकी

आमच्या घराच्या माळ्यावर अजून 19 खोकी आहेत. सावरीच्या पट्ट्या, चार कोपऱ्यांत चार ठोकळे, आणि आंब्याला वारा लागावा म्हणून दोन पट्ट्यांमध्ये सोडलेली बोटभर फट. बाजूवर निळ्या शाईचा शिक्का होता, त्याचा आता नुसता डाग उरलाय. वाळवी लागू नये म्हणून पावसाळा सरला की मी ती खाली काढते, दोन दिवस उन्हात ठेवते आणि पुन्हा वर चढवते. त्यांचा आता काहीच उपयोग नाही. बाबांच्या हातची शेवटची म्हणून ठेवलीत.

देवगड-जामसंडे रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड, एक करवत, चार कामगार आणि हंगामात घरचे आम्ही सगळे, एवढाच बाबांचा कारखाना. बागायतदारांना खोकी पुरवायची. पेंढा घालून, आंबा रचून, वरच्या पट्ट्या ठोकून पेट्या रात्रीच्या ट्रकने मुंबईला जात. आमचं काम त्याच्या फार आधी सुरू होई. आंबा चैत्र-वैशाखातला, पण खोकी दिवाळी झाली की ठोकायला घ्यावी लागत. मोहोर किती येणार, आलेला टिकणार की ढगाळ हवेत करपणार, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नसे. बाबा मात्र लाकडाचे पैसे देऊन मोकळे झालेले असत.

मी दहा-अकरा वर्षांची असताना एक वर्ष अफाट पिकाचं गेलं. खोकी पुरेनात. लोक रात्री दारात येऊन बसत आणि उरलेली तरी द्या म्हणत. त्या पावसाळ्यात बाबांनी कर्ज काढून दुसरी करवत घेतली. पुढच्या वर्षी मोहोर चांगला आला, पण मग चार दिवस आभाळ भरून राहिलं, तुडतुडे पडले आणि बागा काळ्या पडल्या. खोकी तोवर बागायतदारांनी उचललेली होती. त्यांचे निम्मे पैसे आले, निम्मे राहिले. बाबा काही बोलले नाहीत. आंब्याच्या धंद्यात असं वर्ष येतंच.

त्याच्या पुढचं वर्ष पुन्हा भरघोस निघालं. आम्हाला वाटलं, सुटलो. बाबा मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून ऑर्डर घ्यायला घरोघर निघाले. पहिल्या घरी त्या आजी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, ‘‘गेल्या वर्साची खोकी अजून माळ्यार आसत. यंदा नकोत.’’ दुसऱ्या घरीही तेच, आणि तिसऱ्या घरीही. गावभर आंब्याचा वास सुटलेला होता, ट्रक भरभरून जात होते आणि आमच्या दोन्ही करवती बंद होत्या. बागायतदाराचं वाईट वर्ष एक होतं. आमची दोन झाली, आणि दुसरं पहिल्यापेक्षा वाईट गेलं, कारण कर्जाचे हप्ते त्याच वर्षी सुरू झाले. परतताना चढणीवर सायकल ढकलत बाबा म्हणाले होते, ‘‘लाकूड वाट बघता, बाय. बँक वाट बघणा नाय.’’

पुढे मी बँकेतच लागले. 31 वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. बँकेचं नाव इथे घेत नाही, कारण पुढची गोष्ट माझ्या सहीची आहे. किनाऱ्यावरच्या एका गावात बर्फाचा एक कारखाना होता. मच्छीमारांना बर्फ पुरवायचा. दोन हंगाम मासळी कमी झाली, बोटींच्या फेऱ्या घटल्या. अमोनियाचे कॉम्प्रेसर मात्र चालू ठेवावे लागत आणि विजेचं बिल थांबत नसे. तिसऱ्या हंगामात मासळी आली. मच्छीमारांनी आधी डिझेलची उधारी फेडली, मग जाळ्यांची, मग खलाशांचे राहिलेले पैसे. बर्फवाल्याचा नंबर शेवटी. तो नंबर लागायच्या आत आमची वसुलीची कारवाई पूर्ण झाली होती. कारखाना सुट्या भागांत विकला गेला. फाइलवर शिफारस माझी होती. नियमाप्रमाणे ती बरोबर होती, थकबाकीचे दिवस मोजले तर आजही बरोबरच ठरेल. पण मालक शेवटच्या दिवशी मला म्हणाले होते, ‘‘मॅडम, एक पावसाळा काढू द्या,’’ आणि मी तो काढू दिला नाही. निवृत्त झाल्यावरही ते वाक्य माझ्याबरोबर राहिलं.

हे सगळं सांगायचं कारण एक चकती आहे. 2023 च्या गणपतीत माझा भाचा घरी आला होता. तो काही वर्षं सिंगापूरला चिपच्या कारखान्यात होता, आता पुण्यात असतो. त्याने पिशवीतून एक सपाट डबी काढली. ‘‘मावशी, काठाला धर. मध्ये बोट लावू नकोस.’’ आत सिलिकॉनची एक वेफर होती, म्हणजे जिच्यावर चिप घडवतात ती चकती, बाद झालेली, 200 मिलिमीटर व्यासाची आणि पाऊण मिलिमीटरपेक्षाही थोडी पातळ. मी ती दाराशी नेली. तिच्यात घराचे वासे दिसले, वाशांमधली कौलं दिसली, एका कौलाची फूटसुद्धा दिसली. आरसा काच असतो म्हणून त्यात थोडी खोली जाणवते. इथे खोली नव्हतीच, थेट पृष्ठभागावर वासा उभा होता. काठाला एक बारीक खाच होती, यंत्राला दिशा कळावी म्हणून. माझ्या हाताला तिचं वजन जवळजवळ लागलंच नाही.

भाचा म्हणाला, ही म्हणजे कोरा कागद, यावर सगळं लिहिलं जातं. मला कासार्डे आठवलं. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना तिथली सिलिका वाळूची पांढरी ढेकळं आणि ट्रक मी कितीदा पाहिलेत. ती वाळू काचेला जाते, ओतकामाच्या साच्यांना जाते. वेफरसाठी मात्र स्वच्छ गारगोटीचा दगड कार्बनबरोबर विजेच्या भट्टीत तापवतात, निघालेल्या सिलिकॉनचा वायू करून तो पुन्हा घन करतात, आणि ते इतकं शुद्ध होतं की टक्क्यात लिहायचं तर नऊ हा आकडा अकरा वेळा लिहावा लागतो. मग ते 1414 अंश सेल्सियसला वितळवायचं, त्यात बोटाएवढा स्फटिक टेकवायचा आणि गोल फिरवत अगदी सावकाश वर ओढायचा. खालून दंडगोल वाढत येतो. ही पद्धत यान चोक्राल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने 1916 मध्ये शोधली. त्याने लेखणी चुकून दौतीऐवजी वितळलेल्या कथलात बुडवली आणि वर काढली तेव्हा टोकाला धातूचा धागा लोंबत आला, अशी हकीकत सांगतात. वितळलेलं सिलिकॉन ज्या मुशीत ठेवतात ती अतिशुद्ध क्वार्ट्झची लागते, आणि त्या क्वार्ट्झचा मोठा वाटा अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिनातल्या स्प्रूस पाइन या छोट्या गावातून येतो. 2024 च्या सप्टेंबरअखेर हेलेन वादळाने तिथल्या खाणी बंद पाडल्या तेव्हा मला निसर्ग वादळानंतरची श्रीवर्धनची आडवी झालेली सुपारी आठवली.

मी भाच्याला विचारलं, ‘‘या कोऱ्या चकत्या करणाऱ्यांचं सध्या कसं चाललंय?’’

‘‘वाईट. गिऱ्हाइकांची गोदामं भरलेली आहेत, नव्या वेफर कोण घेणार?’’

मी चहा ठेवायला उठले होते, ती तशीच परत बसले.

त्या रात्रीपासून मी वाचायला घेतलं. चिपच्या धंद्याला भरती-ओहोटी आहे हे सगळे जाणतात. 2022 मध्ये जगभरात सुमारे 574 अब्ज डॉलरच्या चिप विकल्या गेल्या, 2023 मध्ये सुमारे 527 अब्जांच्या. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी लॅपटॉप घेऊन झाले होते. मेमरीचे भाव कोसळले आणि मोठमोठ्या मेमरी कंपन्यांनी उत्पादन कमी केलं. पण वेफरचे करार लांब मुदतीचे, टंचाईच्या काळात केलेले. माल घेणं भाग होतं. घेतलेला माल गोदामात साठत गेला.

सेमी ही या उद्योगाची जागतिक संघटना दरवर्षी वेफरची खेप चौरस इंचांत मोजते. 2022 मध्ये ती 14.7 अब्ज चौरस इंचांवर होती, आजवरची सर्वाधिक. 2023 मध्ये 12.6 अब्जांवर आली. आणि 2024 मध्ये, जेव्हा चिपची विक्री वाढून 600 अब्ज डॉलरच्या पुढे गेली, एआयच्या नावाने बाजार उसळला, तेव्हा वेफरची खेप आणखी घटून 12.3 अब्जांच्या आत राहिली. हा आकडा आला त्या दिवशी मी तो दोनदा वाचला. गावभर आंबा आणि करवत बंद. त्या आजींच्या ओटीवरची ती दुपार या धंद्यातही घडत होती.

तोवर माझे पैसे गुंतलेले होते. 2023 ची दिवाळी झाल्यावर मी बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवायचा अर्ज भरला. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. माझे होते तीन लाख रुपये, निवृत्तीच्या रकमेतला असा भाग की बुडाला तरी घर चालेल. पुढे तेवढेच आणखी एकदा घातले. कंपनी अमेरिकेच्या बाजारात नोंदलेली, वेफर करणारी, मध्यम आकाराची, तोट्यात असलेली. नाव लिहीत नाही. कोणी वाचून तिचे शेअर घ्यावेत असं मला वाटत नाही, आणि कोणाचं नुकसान माझ्या लेखामुळे व्हावं असं तर नाहीच नाही.

घेण्याआधी तिचे पाच वर्षांचे ताळेबंद मी पेन्सिल घेऊन वाचले. भाच्याला यातलं तंत्र कळतं, मला ताळेबंद कळतो. विक्रीचा आणि नफ्याचा रकाना मी शेवटी पाहते, बागायतदाराच्या कर्जाची फाइल वाचतानाही शेवटीच पाहायचे. आधी रोकड. मग कर्ज, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते कोणत्या साली फेडायचं आहे. पाच वर्षांनी फेडायचं शंभराचं कर्ज असेल तर माणूस झोपू शकतो, येत्या मार्चला फेडायचं वीसाचं असेल तर नाही. मग शिल्लक माल, तयार आणि अर्धवट वेगवेगळा. मग गिऱ्हाइकांनी आगाऊ दिलेले पैसे. हा रकाना फसवा असतो. भरभराटीच्या वर्षी वेफर मिळावी म्हणून चिपवाले आगाऊ रक्कम देऊन ठेवतात, अगदी मुंबईचा दलाल बागायतदाराला उचल देतो तशी. ती रोकड म्हणून दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. पण ते पैसे मालाच्या रूपाने परत करायचे आहेत. पुढच्या विक्रीतून ते वळते होतील तेव्हा विक्री दिसेल, हातात काही येणार नाही. मी ती रक्कम रोकडीतून वजा केली आणि उरलेली तोट्याच्या वेगाने भागली. उत्तर आलं, साधारण तीन वर्षं. कर्ज थोडं होतं आणि लांबचं होतं. एक पावसाळा सोडा, तीन पावसाळे निघत होते. मी घेतले.

त्यानंतर भाव आणखी 40 टक्के पडला.

ते महिने सोपे गेले नाहीत. भाचा फोन करायचा, ‘‘मावशी, काढून घेऊया का?’’ मी प्रत्येक वेळी वही उघडून बसे. बाबांची खतावणी आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची, मागची पानं कोरी राहिलेली. त्यात मी दर तिमाहीला चार रकाने भरते: रोकड, कर्ज, शिल्लक माल, आणि गिऱ्हाइकांच्या गोदामाबद्दल कंपनीचे लोक काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत. भाव लिहीत नाही. भाव लिहिला तर डोळा तिथेच जातो, हे मला माझं ठाऊक आहे.

कर्ज हाच प्रश्न कसा असतो, ते याच काळात उत्तर कॅरोलिनातल्या वुल्फस्पीडच्या बाबतीत सगळ्या जगाने पाहिलं. सिलिकॉन कार्बाइड हे विजेरी गाड्यांना लागणारं साहित्य, आणि त्यात ही कंपनी अग्रेसर, 1987 पासूनची. न्यूयॉर्क राज्यात तिने 2022 मध्ये नवा अद्ययावत कारखाना सुरू केला. मग विजेरी गाड्यांची मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही, चिनी माल स्वस्तात येऊ लागला, आणि डोक्यावर सुमारे साडेसहा अब्ज डॉलरचं कर्ज. जून 2025 मध्ये तिने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितलं. सप्टेंबरमध्ये ती बाहेर आली, कर्ज जवळजवळ 70 टक्के कमी करून. कारखाना चालू राहिला, माल निघत राहिला. जुन्या भागधारकांच्या वाट्याला मात्र नव्या कंपनीचे तीन ते पाच टक्के आले. मी तिचे शेअर घेतले नव्हते, पण बातमी वाचून मला दिवसभर अस्वस्थ वाटत राहिलं. तिथे कोणी माझ्यासारखीच आपली साठवण घेऊन बसली असेल. मागणीबद्दलचा तिचा अंदाज कदाचित चार-पाच वर्षांनी खरासुद्धा ठरेल.

भरभराटीत घेतलेले निर्णय मंदीत उभे राहतात, हे इथलं मोठं दुखणं आहे. जर्मनीच्या सिल्ट्रॉनिकने सिंगापूरमध्ये सुमारे दोन अब्ज युरोंचा कारखाना बांधायचं 2021 मध्ये ठरवलं, तेव्हा वेफर मिळत नव्हती. त्याचं उद्घाटन जून 2024 मध्ये झालं, तेव्हा वेफर कोणी घेत नव्हतं. घसारा, म्हणजे इमारत-यंत्रांच्या झिजेचा खर्च, मात्र ठरल्या दिवशी सुरू होतो. मी त्यांना दोष देत नाही. दिवाळीत खोकी ठोकायला बसणाऱ्याला मोहोर दिसत नसतो. न ठोकणाऱ्याचा धंदा तर मोहोर येण्याआधीच संपतो.

बाबांच्या गोष्टीचा एक भाग मी सुरुवातीला सांगितला नाही. ती दोन वर्षं त्यांनी काढली. आईच्या पाटल्या गेल्या, दुसरी करवत विकली, पण शेड उभी राहिली, आणि नंतर सात-आठ वर्षं चांगली गेली. मग पुठ्ठ्याचे खोके आले. हलके, छापील, पेंढ्याची गरज नाही, जंगलतोडीचा प्रश्न नाही. बागायतदारांनी ते घेतले आणि योग्यच केलं. त्या वेळी गावभर आंबा होता, कोणाच्या माळ्यावर जुनं काही नव्हतं, आणि तरी ऑर्डर नव्हत्या. बाबा म्हणत राहिले, मागल्या वेळेसारखंच आहे, निघेल. त्यांनी अजून दोन हंगाम लाकूड आणलं. माळ्यावरची 19 खोकी त्या दुसऱ्या हंगामातली आहेत.

म्हणून वहीत गेल्या वर्षी मी पाचवा रकाना वाढवला. त्यात आकडा नसतो. कंपनीची वेफर जिथे वापरली जाते तिथे तिच्या जागी दुसरं काही शिरतंय का, एवढंच मी तिथे लिहिते. याबाबतीत भाच्याचं ऐकावं लागतं. तो सांगतो की वेफर बदलणं खोका बदलण्याइतकं सोपं नाही. नव्या पुरवठादाराचा माल चिपवाला महिनोन्‌महिने तपासतो, कारण एका अशुद्ध खेपेत कोट्यवधींचा माल जाऊ शकतो. त्यामुळे गिऱ्हाईक सहसा सोडून जात नाही. इथे माझी खोक्याची तुलना तुटते आणि ते मी मान्य करते. पण तोच सांगतो की लहान व्यासाच्या वेफरची मागणी हळूहळू आटते आहे. सिल्ट्रॉनिकने बुर्गहाउझेनमधलं लहान व्यासाचं उत्पादन बंद केलं. एआयचा सगळा जोर 300 मिलिमीटरच्या अत्याधुनिक वेफरवर आहे. माझ्या कंपनीचा बराचसा माल 200 मिलिमीटरचा आहे. मी दारात नेऊन पाहिली होती तेवढीच चकती.

भाव आज माझ्या सरासरी खरेदीच्या थोडा खाली आहे. मी विकलेले नाहीत, नवे घेतलेले नाहीत. रोकडीचा रकाना मी भीती धरली होती त्यापेक्षा सावकाश घटतोय. शिल्लक माल सलग दोन तिमाही कमी झालाय. कंपनीचे लोक मागच्या वेळी म्हणाले की मोठ्या व्यासात गिऱ्हाइकांचे साठे पूर्वपदावर येत आहेत, लहान व्यासाबद्दल मात्र लगेच सांगता येणार नाही. मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून त्याखाली रेघ मारली.

परवा भाचा आला तेव्हा त्याला माळ्यावर चढवून खोकी खाली घेतली. अंगणात मांडली. एकाची तळाची पट्टी सुटली होती, ती त्याने ठोकून दिली. जुनाच खिळा, गंजलेला, पण लाकूड आतून कोरडं होतं आणि खिळ्याने पकड घेतली. मग आम्ही ओटीवर बसून खतावणी उघडली. या तिमाहीचं पान मी आखून ठेवलंय. निकाल गुरुवारी आहेत, आपल्याकडे रात्री दोनच्या सुमारास. भाचा म्हणाला, ‘‘सकाळी बघ ना मावशी.’’ मी गजर लावून ठेवलाय.